दिल्ली ते जयपूर, बासष्ट मिनिटं

"बासष्ट," विभा म्हणाली आणि मनगटावरच्या घड्याळाला तिनं टिचकी मारली.

डाकोटाचे पंखे अजून पुरते थांबलेही नव्हते. सांगानेरच्या धावपट्टीवरची धूळ कुंपणाशी उभ्या असलेल्या विभाच्या दोन्ही वेण्यांत जाऊन बसली होती, पण वेण्यांकडे बघायला फुरसत कुणाला होती? तिनं वहीत आकडा लिहिला आणि शेजारच्या रकान्याकडे पाहिलं. तिथं सकाळीच लिहून ठेवलेले एकाहत्तर होते. म्हणजे आज पुन्हा नऊ मिनिटांचा घोळ.

विभा पंधरा वर्षांची होती. नववीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि गणितात तिला ब्याण्णव मार्क होते. निकाल लागायचा होता, पण तिनं पेपर तीनदा तपासून पाहिला होता, त्यामुळे निकालाची वाट बघायचं काही कारण नव्हतं. सुट्टी लागली तशी ती रोज सकाळी क्वार्टर्समधून निघून कुंपणाशी येऊन उभी राहायची. दिल्लीहून विमान किती वाजता सुटलं ते वायरलेसवाल्या नंदकिशोरजींना विचारायचं, इथं कधी टेकलं ते स्वतः बघायचं आणि वजाबाकी करायची. ती वजाबाकी एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात तिचा स्वतःचा हिशेब: त्या दिवशीचा वारा बघता विमानाला किती मिनिटं लागायला हवीत.

त्या दिवशी विमानाचे कॅप्टन चहा प्यायला सावलीत आले, तर ही सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी.

"कॅप्टनसाहेब, आज आप नौ मिनट जल्दी आ गए."

कॅप्टननं घड्याळ पाहिलं. छापील वेळ पासष्ट मिनिटांची होती. "तीन मिनट, बेटी."

"छपे हुए टाइम से तीन. हवा के हिसाब से नौ."

कॅप्टननं कप खाली ठेवला. मग काय, पावसाळ्यात पन्हळ सुटावी तशी विभा सुटली. अंतर किती, विमानाची चाल किती, पाच हजार फुटांवरचा वारा कुठून, तो विमानाला किती मागे ओढणार, चढायला-उतरायला तीन मिनिटं जास्तीची. नऊ दिवसांची वही तिनं त्यांच्यापुढे धरली. पाच दिवस दोन्ही रकाने जुळत होते, मिनिट-दीड मिनिटाचा फरक. चार दिवस मात्र जुळत नव्हते. नऊ, आठ, अकरा, नऊ.

कॅप्टन हसले, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी ते सगळे आकडे सिगारेटच्या पाकिटाच्या मागे उतरवून घेतले. कुणाची मुलगी म्हणून विचारलं. रेठरेकरांची, हवामानवाल्या, असं विभानं सांगितलं.

"अच्छा," कॅप्टन म्हणाले. पाकीट त्यांनी खिशात घातलं.

विभा घरी आली ती कुणीतरी सलाम ठोकल्यासारखी.

रेठरेकरांच्या घरात विश्वासाला उंबऱ्याबाहेर चपला काढून, झडती देऊनच आत यावं लागायचं. अण्णा, म्हणजे विभाचे वडील नीलकंठ रेठरेकर, मूळचे कराडकडच्या रेठऱ्याचे. बारा वर्षं पुण्यात नोकरी करून तीन वर्षांपूर्वी बदलीवर जयपूरला आले, पण त्यांचा एक शब्द कुठल्याच बदलीला दाद देणारा नव्हता. तो शब्द म्हणजे ‘कशावरून’. दूधवाला आला की अण्णा दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन नख उभं धरत. थेंब ओघळला की दुधात पाणी. "बाबूजी, दूध ठीक है, आपका नाखून टेढ़ा है," दूधवाला रोज म्हणायचा, आणि अण्णा रोज थेंब घ्यायचे. शेर जाऊन किलो आले तेव्हा राजा पार्कातल्या दुकानदाराला त्यांनी विचारलं, की हा किलो म्हणजे किलोच, कशावरून? तो पंजाबी गृहस्थ हात जोडून म्हणाला, बाऊजी, ते सरकारला विचारा. विभा चार वर्षांची असताना चांदोबा आपल्या मागे येतो म्हणाली होती. अण्णांनी तिला खांद्यावरून उतरवून समोर उभं केलं आणि विचारलं, "कशावरून?"

त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं. भाजीवालीचा तराजू एका झटक्यात सरळ झाला की ते भाजी परत टाकत. "लई सरळ आलेलं काय खरं नसतंय," ते म्हणत. "खऱ्याला थोडी खोड असतीच."

असा माणूस वारा मोजायच्या कामावर होता, हे विभाला फार शोभून दिसे. काम असं: हायड्रोजन भरलेला मोठा पांढरा फुगा सोडायचा. तो ठरल्या चालीनं वर चढतो आणि वारा त्याला बाजूला नेतो. तिकाटण्यावर एक दुर्बीण असते. तिचं खरं नाव थिओडोलाइट, पण सगळे दुर्बीणच म्हणत. तिच्यातून फुग्याचा पाठलाग करायचा. दर मिनिटाला घंटी वाजते. घंटी वाजली की फुगा किती उंच आणि कुठल्या दिशेला, ते दोन कोन वाचून रजिस्टरात लिहायचे. त्या कोनांवरून कुठल्या उंचीवर कसा वारा आहे ते निघतं, त्याची चिठ्ठी फळ्यावर लागते, दिल्लीलाही कळवली जाते, आणि वैमानिक त्या चिठ्ठीच्या भरवशावर निघतात. जमिनीवरचं अंतर तेच असतं. पण वारा समोरून आला की दिल्ली लांब जाते आणि पाठीमागून आला की जवळ येते, हे अण्णांनीच विभाला आलेखाच्या कागदावर रेघा मारून शिकवलं होतं.

तर चार दिवस हिशेब जुळेना, तेव्हा विभानं बापाची लेक शोभेल असाच तपास सुरू केला. एकेकाला पकडून उभं करायचं आणि ‘कशावरून’ विचारायचं.

पहिला संशय अंतरावर. शाळेच्या नकाशात दिल्ली-जयपूर एकशे सेहेचाळीस मैल भरत होतं आणि अण्णांच्या तक्त्यात एकशे सत्तावीस. अण्णा जेवत असताना तिनं विचारलं, मधले एकोणीस मैल कुणी खाल्ले. अण्णांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. विमानाचा मैल दर्यावरचा असतो, म्हणाले, तो जमिनीवरच्यापेक्षा मोठा. मोठ्या मापानं मोजलं की कमी भरतं. मग ताटाकडे बघत म्हणाले, "पण इचारलंस ते बेस केलंस." विभाला ते ब्याण्णव मार्कांहून मोठं वाटलं.

दुसरा संशय नंदकिशोरजींच्या घड्याळावर. वायरलेसच्या खोलीत सकाळी सातला त्यांचं घड्याळ दीड दाखवत होतं, आणि हे बाबू त्यावरून विमानाच्या वेळा लिहीत होते! विभानं पुरावा म्हणून ते वहीत टिपूनसुद्धा ठेवलं. नंदकिशोरजी पोट धरून हसले. "बिटिया, यह लंदन का टाइम है. सारी दुनिया के हवाई जहाज़ इसी पर चलते हैं." ते खरं, पण मिनिटकाटा बरोबर कशावरून? तीन दिवस तिनं तो आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी आणि रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहिला. सेकंदाचाही फरक नव्हता.

तिसरा संशय वैमानिकांवर, की हे वाटेत भटकतात. ते नंदकिशोरजींनी हसण्यावारी नेलं. चौथा स्वतःवर. सगळी गणितं तिनं तीनदा सोडवली. उत्तरं तीच.

मग उरला वारा. वारा म्हणजे अण्णा.

इथपर्यंत आल्यावर विभानं वही मिटली आणि मागच्या दारी कैरी पाडायला गेली.

ती वही पुन्हा उघडावी लागली मंगळवारी. नंदकिशोरजींनी तिला खिडकीतूनच खूण करून बोलावलं. एरवी त्यांचा आवाज धावपट्टीच्या पलीकडे ऐकू जायचा. त्या दिवशी ते कुजबुजत होते. शुक्रवारी सकाळच्या विमानानं दिल्लीचे राजनसाहेब येताहेत, जयपूरचं वाऱ्याचं रजिस्टर तपासायला. कुण्या कॅप्टननं पत्र लिहिलंय. "लिखा है, जयपुर की हवा कुर्सी पर बैठकर बनती है. नौ दिन के आँकड़े भी भेजे हैं. पता नहीं कहाँ से लाया."

विभाला पत्ता ठाऊक होता.

ती उन्हात उभी राहिली. म्हणजे, तिच्याच आकड्यांवरून. तिनंच मिरवत मिरवत नेऊन दिले होते. खोटे कोन लिहिल्याचं सिद्ध झालं तर सरळ घरी पाठवतात, हे तिला अण्णांच्याच तोंडून ठाऊक होतं; पुण्यात एकाला पाठवलं होतं. अण्णांच्या पेन्शनला साडेतीन वर्षं उरली होती. क्वार्टर नोकरीची, शाळा त्या क्वार्टरच्या पायी. पण हे सगळं नंतरचं. आधी तिला एवढंच दिसत होतं, की ‘कशावरून’ विचारणाऱ्या माणसाला आता कुणीतरी परका येऊन ‘कशावरून’ विचारणार.

अण्णांनी लिहिलेलं बरोबर असेल तर भीती कसली? दुपारी डबा द्यायला गेली तेव्हा अण्णा हातपाय धुवायला बाहेर गेले होते. तिनं रजिस्टर उघडलं. जुळणारे पाच दिवस पाहिले. कोन कसे हवेत तसे, वेडेवाकडे, कधी पाव अंश खाली, कधी दीड अंश वर, जिवंत. मग न जुळणारे चार. चौथ्या मिनिटापर्यंत वेडेवाकडे. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा बरोबर दोन अंशांनी कमी. सहा आकडे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. आणि पुढे अण्णांच्या वळणदार अक्षरात शेरा: दहाव्या मिनिटाला ढगात अदृश्य.

ढगात?

विभानं खिडकीतून पाहिलं. मे महिन्यातलं जयपूरचं आभाळ घासलेल्या परातीसारखं होतं. आठ-पंधरा दिवस असंच होतं. धुळीत गेला लिहिलं असतं, लांब गेला लिहिलं असतं, तर कुणी हूं का चूं केलं नसतं. मे महिन्यात सकाळी ढग असतात ते पुण्यात. खोटं लिहितानाही माणसाच्या हाताला आपल्याच मुलखाचं आभाळ आठवतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि आपण ‘खोटं’ हा शब्द वापरला हे ध्यानात येताच तिनं रजिस्टर इतक्या जोरात मिटलं, की वरचा पेपरवेट खाली पडला.

बुधवारी पहाट फुटताना ती अण्णांबरोबर निघाली. फुगा बघायचाय म्हणाली.

"आजवर कदी आली न्हाईस. आजच कशापायी?"

"असंच."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, दुधाच्या थेंबाकडे बघत तसं. पण नको म्हणाले नाहीत.

गॅस भरणारा माणूस फुगा भरून देऊन निघून गेला. मैदानात दोघंच. अण्णांनी फुगा सोडला आणि दुर्बिणीला डोळा लावला. पहिली घंटी. दुसरी. तिसरी. त्यांचे हात चाकांवर असे फिरत होते, की विभाला मान खाली घालून स्वतःचीच लाज वाटायला लागली. अशा हातांवर आपण संशय घेतला! चौथी घंटी झाली. सूर्य अजून जमिनीवर आला नव्हता, पण वर फुग्याला तो भेटला आणि पांढरा फुगा एकाएकी शेंदरी झाला, उत्तरेकडे, आंबेरच्या वाटेवरच्या टेकड्यांच्या वर. नुसत्या डोळ्यांना दिसत होता. विभानं आनंदानं अण्णांकडे वळून पाहिलं.

दुर्बीण दुसरीकडे बघत होती.

फुगा होता तिथून चांगले दोन हात उजवीकडे, मोकळ्या आभाळात. घंटी वाजली. अण्णांनी डोळा काढला, नाक चकतीला टेकेल इतकं वाकून कोन वाचला, लिहिला. पुन्हा डोळा लावला. चाकं सावकाश, एका चालीनं फिरत राहिली. फुगा हळूहळू डावीकडे सरकत होता आणि दुर्बीण हळूहळू उजवीकडे. विभाच्या जिभेवर आलं होतं: अण्णा, तिकडे. दोनच शब्द. सहा घंट्या वाजेपर्यंत ते जिभेवरच राहिले.

दहाव्या घंटीनंतर अण्णांनी पाठ सरळ केली. "गेला," म्हणाले.

"कुठे?"

"ढगात."

विभानं वर पाहिलं. फुगा अजून होता, मोहरीएवढा, लखलखीत.

"हं," ती म्हणाली.

त्या घरातल्या माणसानं काही न विचारता मान्य केलेली ही पहिली गोष्ट. अण्णांनाही ते जाणवलं असावं. कारण रजिस्टर बगलेत मारताना ते क्षणभर थांबले आणि तिच्या तोंडाच्या दिशेनं बघत राहिले. तिच्या तोंडाकडे नव्हे, दिशेनं. हा फरकही विभाला त्या दिवसापासून कळायला लागला.

मग घरात पाळत सुरू झाली. विभा अण्णांवर, अण्णा विभावर. भाकरी कुठे आहे हे ते हातानं चाचपतात, पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवला तर त्यांना लागत नाही, वर्तमानपत्र ते वाचतात म्हणजे फक्त मथळे वाचतात. आणि अण्णा एकदम विचारायचे, हल्ली वही दिसत न्हाई ती? आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपल्या कुरडयांत होती. जयपूरनं तिला शेजार दिला नाही, नदी दिली नाही, पण ऊन मात्र असं दिलं होतं, की तिनं गेल्या पंधरवड्यात दोन पायल्या गव्हाच्या कुरडया घालून चहूकडे वाटायचा घाट घातला होता.

गुरुवारी संध्याकाळी मायलेकी गच्चीवर कुरडया डब्यात भरत होत्या. अण्णा जिना चढून वर आले. कधी येत नसत. कठड्याला धरून उभे राहिले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "ह्या दिवसांत ढग आला हुता का गं सकाळचा?"

विभाच्या हातातली कुरडई मोडली.

"आत्ता गं बया," आई म्हणाली. "ढग आला असता तर कुरडई अशी वाळली असती व्हय? हवामानवाले तुमी, आन् मला इचारताय!"

आणि तिनं एक कुरडई उचलून त्यांच्या कानाशी नेऊन कुडुम् करून मोडली.

अण्णा हसले नाहीत. तो आवाज ऐकून त्यांनी मान हलवली, दुकानदारानं एकदाचं खरं माप दाखवल्यासारखी, आणि कठडा चाचपत खाली गेले. विभाला कळलं, की अण्णांना कळलंय. कशावरून, ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

शुक्रवारचं विमान पासष्ट मिनिटांत आलं. राजनसाहेब बारीक चणीचे, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, बोलणं हळू. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. रजिस्टर मागितलं, चहा नको म्हणाले आणि कॅप्टनच्या पत्रातले नऊ आकडे टेबलावर मांडून हे कुणाचे म्हणून विचारलं. नंदकिशोरजी छताकडे बघायला लागले. अण्णाच म्हणाले, माझ्या मुलीचे. तिला वही घेऊन बोलवा, हेही त्यांनीच सांगितलं.

विभानं रात्रभर एक खोटं घोटून ठेवलं होतं. सोपं होतं. घड्याळ अण्णांचं जुनं, ते मागेपुढे होतं. कधी दहा मिनिटं मागे पडतं, कधी नाही. न जुळलेले चार दिवस घड्याळाचे. साहेबांनी हिंदीत विचारलं, तिनं हिंदीत सांगितलं, नजर वर न करता. बोलून झालं तशी खोलीतली हवाच हलकी झाली. नंदकिशोरजींनी मोठा श्वास सोडला. राजनसाहेबांच्या तोंडावर हसू आलं. एका पोरीच्या बिघडलेल्या घड्याळावरून कुणी सरकारी माणसाला घरी पाठवत नाही. त्यांनी पत्राची घडी घातली.

"कशावरून?"

अण्णा बोलले होते. तिच्याकडे वळून, मराठीत, घरात विचारतात तसं.

"काय कशावरून?" विभा म्हणाली.

"घड्याळ मागंपुढं हुतं कशावरून? ताडून बघितलंस?"

विभानं दुसऱ्या हातानं मनगटावरचं घड्याळ झाकलं.

"नंदकिशोरजींच्या घड्याळाशी ताडलंस. तीन दिवस. रेडिओशी बी ताडलंस. मला सांगितलं हुतंस तू."

तिला ओठ मिटून मिटून रडू आवरावं लागत होतं. अण्णांनी हात पुढे केला. वही मागत होते. ती वही त्यांच्या हातात न देता धरून राहिली, तर त्यांनी ती ओढून घेतली नाही. हात तसाच पुढे ठेवला. शेवटी तिनं दिली.

मग नीलकंठ रेठरेकरांनी दिल्लीच्या साहेबासमोर खुर्ची ओढली, खिशातून पेन्सिल काढली आणि नऊ दिवसांची नऊ गणितं पहिल्यापासून तपासायला घेतली. वही नाकाला टेकली होती. एक ओळ वाचायची तर आधी बोटानं तिची सुरुवात शोधायची, मग वही सरकवत सरकवत शेवटापर्यंत जायचं. एकदा ओळ चुकली, पुन्हा मागे आले. अर्धा तास गेला. बाहेर विमान पुढे मुंबईकडे निघायला गुरगुरत होतं.  राजनसाहेबांनी एव्हाना गणितांकडे बघायचं सोडलं होतं; ते अण्णांकडे बघत होते. साहेबांना काय समजायचं ते समजलं, आणि ते कुणाला सांगावं लागलं नाही.

नववं गणित संपलं. अण्णांनी खाली रेघ मारली, वाकडी, आणि लिहिलं: तपासले. बरोबर आहे. नी. ब. रेठरेकर. मग वही साहेबांपुढे ठेवली.

परत क्वार्टरकडे दोघं निघाले. नळापाशी आल्यावर अण्णा थांबले. "कदी शेवटपातूर दिसायचा गं, कदी चारच मिनिटं," म्हणाले. "पुढचं वाटायचं, ठाऊकच हाय की. पंधरा वर्सं वारा बघतोय. वाटलं, त्यो आपल्याला सोडून कुटं जाईल."

विभानं त्यांच्या बाहीचं टोक धरलं. लहान मुलं धरतात तसं नाही. वाटेत पुढे खड्डा होता म्हणून.

राजनसाहेब माणूस बरा निघाला. त्यांनी घरी पाठवलं नाही, डोळे तपासायला पाठवलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले काचबिंदू. आहे तेवढं राखता येईल, गेलेलं परत येणार नाही. सर्व्हिसबुकात लाल शाईनं एक नोंद झाली. अण्णांना फुग्यावरून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आणि फुग्यासाठी अजमेरहून दिलीप नावाचा नवा माणूस आला, हसरा, शीळ घालणारा. घरात दूध येत होतं. अण्णा थेंब घेत नव्हते. दूधवाला दोन दिवस भांडं पुढे करून थांबला, तिसऱ्या दिवशी न थांबता गेला. आठवड्याभरात दूध पातळ झालं. आईनं चहात पावडर वाढवली.

विभानं वही पुढे लिहिली नसती. पण एका संध्याकाळी अण्णांनी आपणहून विचारलं, आज किती? चौसष्ट, ती म्हणाली. त्यानंतर रोज विचारायचे. नुसतं किती, एवढंच.

जूनच्या शेवटी, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, ती दुपारचा डबा घेऊन गेली तेव्हा बाहेर मैदानात फुगा नुकताच सुटला होता. अण्णा टेबल सोडून ऑफिसच्या व्हरांड्यात येऊन उभे होते. हात पाठीमागे, तोंड वर. दिलीप दुर्बिणीला लागला होता. घंटी वाजली की तिकडे तो लिहायचा आणि इकडे अण्णांची मान क्षणभर थांबायची. मग पुन्हा सावकाश, एका चालीनं वळायला लागायची. फुगा त्यांना दिसत नव्हता. मान मात्र वाऱ्याचा अंदाज घेत घेत चालली होती.

विभा त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली आणि ते बघत होते तिकडे तिनं बघितलं. तिथं नव्हता. शोधून काढला. होता, अगदी जवळच होता.

"अण्णा," ती म्हणाली, "बोटभर डावीकडे."

आणि ती थांबली. तो शब्द आता येईल म्हणून.

अण्णांनी नुसती मान वळवली, बोटभर, डावीकडे.